एका ब्लेडची दोन कार्डं

कारखान्यात तिला सगळे आत्या म्हणत. मालक तिचा धाकटा भाऊ. त्याचा मुलगा लहानपणी आत्या आत्या करत तिच्या मागे फिरायचा, तिथून ते नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. सरस लावणारे एक कारागीर तिच्याहून नऊ वर्षांनी मोठे, तेही तिला आत्या म्हणायचे आणि ती त्यांना मामा. नवीन कामगाराला हा गुंता सोडवायला आठवडा लागायचा.

कारखाना टेबल टेनिसच्या ब्लेडांचा. ब्लेड म्हणजे रबर लावण्याआधीचं बॅटचं नुसतं लाकूड, मुठीसकट. पातळ लाकडाचे पाच थर सरसाने जोडायचे, दाबायचे, कापायचे, घासायचे. मग ते आत्याच्या खोलीत यायचं. एकतीस वर्षं तिचं काम एकच. आधी कोऱ्या लाकडावर डोळे मिटून पन्नास वेळा चेंडू उडवायचा. मग ठरलेली रबरं लावायची, सगळ्या ब्लेडांना तीच जोडी, म्हणजे फरक पडलाच तर तो लाकडाचा. मग टेबलावर खेळून बघायचं आणि कार्डावर दहापैकी तीन आकडे लिहायचे: स्पीड, कंट्रोल आणि फील. फील म्हणजे चेंडू लागतो त्या क्षणी मागच्या बाजूला टेकलेल्या बोटाला काय कळतं, ते. खाली एक ओळ आणि तिची सही. ते कार्ड ब्लेडबरोबर खोक्यातून खेळाडूच्या घरी जायचं.

राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असतो, असं घरचे म्हणत. खरं तर ती एकाच गोष्टीवर चिडायची: न तपासता बोलण्यावर. त्यामुळे तिला दिवसभर पुरेल एवढं काम असायचं, हा भाग वेगळा.

भाचा आठ वर्षं फ्रिज विकून परत आला होता. येताना त्याने एक यंत्र आणलं. ब्लेड त्यात अडकवायचं, वरून चेंडू पडायचा आणि तो किती उसळला याचा आकडा दिसायचा. आत्याने ते एकदा वाकून पाहिलं होतं आणि "बरं आहे" म्हटलं होतं.

शुक्रवारी चहाच्या वेळी सगळे जमले असताना भाच्याने दोन कार्डं तिच्यासमोर ठेवली.

"आत्या, हे सोमवारचं. स्पीड सहा, कंट्रोल आठ. हे कालचं. स्पीड आठ, कंट्रोल सहा. सह्या तुझ्याच ना?"

"माझ्याच. का?"

"ब्लेडही एकच आहे. नंबर घासून काढला, लेबल बदललं आणि परत तुझ्याकडे पाठवलं. राग मानू नकोस, मला फक्त बघायचं होतं."

कापणीच्या यंत्रावरचा माणूस हसला. मग त्याने घाईघाईने चहा तोंडाला लावला.

"पुढच्या महिन्यापासून कार्डावर यंत्राचेच आकडे छापू," भाचा म्हणाला. "तुझ्यामागचा त्रासही वाचेल. तू बसल्याजागी फक्त रंगरूप बघ."

"रंगरूप बघायला आरसा लाव," ती म्हणाली. एवढंच तिला सुचलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिने ब्लेड उचललं, दोन्ही कार्डं उचलली आणि खोलीचं दार असं लावलं की बाहेरच्या कपबशा वाजल्या.

आत गेल्यावर तिने ब्लेडच्या मागे टेकणारं ते बोट उजेडात धरलं. अठ्ठावन्न वर्षांचं बोट. गेलं असेल का? गेल्या वर्षभरात किती खोकी तिच्या सहीने बाहेर गेली असतील? तिने डोळे मिटले आणि चेंडू उडवायला सुरुवात केली. पन्नास. स्पीड आठ. पुन्हा पन्नास. पुन्हा आठच. सोमवारी सहा कसे लिहिले मग? तिने कार्डांच्या खालच्या ओळी वाचल्या. सोमवारी लिहिलं होतं: 'मऊ. चेंडू जरा थांबून जातो.' गुरुवारी: 'वरचा थर कडक. आवाज चढा, चेंडू लगेच सुटतो.'

तिने अंगठ्याचं नख लाकडावरून ओढलं. ओरखडा उठला नाही.

ती बाहेर आली तेव्हा चहा संपत आला होता.

"सोमवारी हे कोरं होतं," ती भाच्याला म्हणाली. "व्हार्निश कधी लावलं?"

"नंबर घासल्याची खूण दिसत होती, म्हणून लावलं. नुसतं वरून गं. लाकूड तेच आहे."

सरसवाल्या मामांनी बशी खाली ठेवली. "किती हात?"

"दोन असतील. का?"

"अहो, दोन हात व्हार्निश प्यायल्यावर ते लाकूड तेच कसं राहील?" मामा म्हणाले. "आपला व्हार्निशचा माल वेगळ्या नावाने कशाला विकतो आपण? चकाकतो म्हणून?"

भाचा ब्लेडकडे बघत राहिला. "यंत्रावर सोमवारीच मोजलं होतं मी," तो म्हणाला. "तेच ब्लेड म्हणून परत मोजलं नाही."

"मग आता मोज."

त्याने मोजलं. आकडा वर गेला होता. त्याने पुन्हा मोजलं. "आत्या, यंत्रही तुझ्यासारखंच म्हणतंय."

"यंत्राला शाबासकी दे."

"चुकलंच माझं. मला खरंच ठाऊक नव्हतं."

"तुला कसं ठाऊक असणार? फ्रिजमधलं मला तरी काय कळतं?" तिचा आवाज जरा खाली आला, पण तो भाच्यापुरताच. तिची नजर कोपऱ्याकडे वळली. तिथे तिचा भाऊ एक मूठ कानशीने घासत होता. ती मूठ केव्हाच गुळगुळीत झाली होती.

"व्हार्निश कुणी लावलं?"

"मी," भाऊ म्हणाला. "त्यानं मागितलं, मी लावलं."

"चाळीस वर्षं लाकडात आहेस. तुला ठाऊक होतं?"

कानस थांबली. "मनात आलं होतं, ताई. मग म्हटलं, बघू तर, तुला कळतंय का."

"आणि कळलं. तुझा मुलगा सगळ्यांसमोर कार्डं वाचत होता, तेव्हा तुला दिसलं की मला कळलंय. तेव्हा तुझ्या तोंडाला काय झालं होतं?"

"पोराला चारचौघांत तोंडघशी पाडायचं जिवावर आलं गं."

"मला पाडायचं मात्र जिवावर नाही आलं."

भावाने चहाचा कप तिच्याकडे सरकवला. तिने तो तसाच परत सरकवला.

"चल आत," ती म्हणाली.

"आत्ता? मला माल भरायचाय."

"माल तुझा मुलगा भरेल. आकडे चांगले वाचतो तो. तू चल."

खोलीत तिने त्याला टेबलाच्या पलीकडे उभं केलं, हातात ते व्हार्निशचं ब्लेड दिलं आणि स्वतः कोरं घेतलं. चेंडू त्याच्या उजव्या कोपऱ्यात जात होता, मग डाव्या, मग पुन्हा उजव्या. दर दोन मिनिटांनी थांबून ती विचारायची, आधी "स्पीड किती?", मग कंट्रोल, मग फील. तो धापा टाकत आकडा सांगायचा, ती त्याच्याच हातात पेन द्यायची आणि कार्डावर त्याला लिहायला लावायची. खाली सहीही त्याचीच. आठ, सहा, सात. त्याने लिहिलेले आकडे गुरुवारच्या कार्डाशी जुळले, तेव्हा ती हसली नाही. तिने आजच्या ढिगातून पुढचं ब्लेड काढलं.

"बस ना आता, ताई. दम लागलाय."

"अकरा राहिलीत," ती म्हणाली आणि सर्व्हिससाठी चेंडू वर उडवला.