चहा न मिळालेला चेरमन

उमरग्याकडच्या त्या गावात दूध संस्थेची निवडणूक चहावर मोडायची. अर्ज मागं घ्यायच्या दिवशी चेरमन महालिंगप्पा चार वडीलधारी माणसं घेऊन विरोधकाच्या दारात जाई. घरधनी चहा पाजी. एकदा चहा पाजला की अर्ज मागं घ्यायचा, ही रीत. अशा चहांवर महालिंगप्पा वीस वर्षं चेरमन राहिला. मताची पेटी काही गावानं पाहिली नाही.

या खेपेला तो शांताक्काच्या अंगणात येऊन बसला.

शांताक्कानं नवरा गेल्यावर म्हशींच्या जिवावर घर उभं ठेवलेलं. गेल्या साली तिनं भर सभेत दुधाचं फॅट मोजायच्या मशिनीबद्दल विचारलं, तर आठवडाभर तिचं दूध संस्थेच्या फाटकातूनच परत आलं. तेव्हापासून मनात काटा होता. त्यात नात निकिता स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला लागली. पहाटे आजी धार काढी आणि नात गोठ्यात येरझाऱ्या घालत मोठ्यानं पाठ करी. अमेरिकेचा अध्यक्ष दोनदाच निवडून येतो. स्वित्झर्लंडात दर वर्षी नवा. मेक्सिकोत एकदाच, सहा वर्षं, पुन्हा नाही.

शांताक्काचे हात कासेवरच थांबले. "उतरला की काय करतो गं त्यो?"

"काय करणार? घरी जातो."

"घरी जातो," ती स्वतःशीच म्हणाली. त्याच आठवड्यात तिनं अर्ज भरला.

आता मुदत तीनपर्यंत होती. चेरमनबरोबर आलेल्यांत तिचा दीर शिवलिंगही होता. तोच आधी बोलला, "वैनी, चहा टाका की. तीन वाजत आले."

"पानी घ्या भावजी. माठातलं हाय, गार."

महालिंगप्पा हसला. "अक्का, दारात म्हशी, आन पाव्हण्याला पानी?"

"म्हशीला निवडणूक कळत न्हाय, चेरमनसाब. मला कळती."

"पर माझं चुकलं काय?"

"बसून ऱ्हायलाव, हे चुकलं. अमेरिकेचा एवढा मोठा माणूस, दोनदा झालं की उठतोय."

महालिंगप्पा कच्चा नव्हता. "मग इंग्लंडचं सांगा की! तिथं हद्द हाय का? आपल्या पंतप्रधानाला तरी हाय का? निवडून आला की कितीबी वेळा!"

दारातून निकिता काही बोलू पाहत होती. आजीनं तिला डोळ्यानंच थांबवलं. मग स्वतःचा पदर नीट केला.

"निवडून आला की," शांताक्का म्हणाली. "तुमीच म्हनलाव. त्येला दर खेपेला मत मागाया लागतंय. मधीच सभागृह फिरलं तर खुर्ची सोडाया लागती. तुमी कवा निवडून आलाव? तुमी चहा पिऊन आलाव."

शिवलिंगला हसू फुटलं. ते त्यानं खोकल्यात दडपलं.

चेरमनचा आवाज बदलला. "दूध परत आलं तर?"

"खवा करीन. चूल माझी, कढई माझी."

"आन उद्या तुमीच बसलाव खुर्चीवर, तर उठचाल का?"

"दोनदा बसीन. तिसऱ्यांदा बसले तर या, हाताला धरून उठवा. ह्यो शिवलिंग साक्षीला हाय."

मग चेरमनचा फोन वाजला. कचेरीतून निरोप होता, मुदत संपली. महालिंगप्पानं उपरणं झटकलं, उठला, चार पावलं गेला आणि फाटकाशी वळला.

"शिवलिंगा, मत मला देशील नव्हं?"

वीस वर्षांत हे त्यानं गावात कुणालाच विचारलं नव्हतं.

शिवलिंगनं तांब्या उचलला, सावकाश पाणी प्याला, मिशी पुसली.

"बघू की," तो म्हणाला.