उपळी बुरुजावरून आईनं मला उतरवलं

मंडळी, नळदुर्गहून आत्ताच सोलापूरला पोचलोय. दोघंही सुखरूप आहोत, हे आधी सांगतो.

आठ महिन्यांपूर्वी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. म्हणून किल्ल्यात तटाकडेनं फिरायचं, पाणीमहाल बघायचा आणि परतायचं, एवढंच ठरवलं होतं. पण किल्ल्यातला सगळ्यांत उंच उपळी बुरुज दिसल्यावर ती म्हणाली, "वर जाऊ की. डॉक्टरांनी जिने चढायला सांगितलंय."

मी नको म्हणेपर्यंत ती चढायला लागली. ती अगदी हळूहळू चढत होती, म्हणून तिला सावरायला हात पुढे धरून मीही मागोमाग गेलो. वरून अख्खा किल्ला, बोरी नदी, लांबची शेतं दिसत होती. आई खूश होती.

उतरताना मी खाली पाहिलं. दरदरून घाम फुटला. चाळिशीचा मी भिंतीला चिकटून खालीच बसलो.

"आई, मला उतरता येईना."

ती हसली नाही. माझ्या खालच्या पायरीवर उभी राहिली. "खाली बघू नकोस. माझ्या खांद्यावर हात ठेव आणि बसून बसूनच ये. घाई न्हाई आपल्याला."

तसाच एकेक पायरी सरकत उतरलो. जमिनीला पाय लागल्यावर मला रडूच आलं.

आईनं पाण्याची बाटली दिली. "लहानपणी गच्चीवरसुद्धा यायचा नाहीस तू. म्हणून तर मगाशी मी हळू चढत होते."

मला वाटत होतं, तिचा गुडघा दुखतोय.

तुमची अशी एखादी भीती तुमच्या घरात कुणाला ठाऊक आहे?