चिमीचा डावा पंजा

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही, आणि ती आता राहिली नाही. ऐकताना माझी कीव तेवढी करू नका — कीव आली की मला स्वतःचा जास्तच संताप येतो.

युद्धाचे दिवस होते. मी जबलपूरच्या एका कारखान्यात तोफगोळ्यांत दारू भरायच्या कामावर, बारा बारा तासांची पाळी. लग्न व्हायचं होतं. दीक्षितपुऱ्यातल्या दोन खोल्यांत मी, माझी विधवा थोरली बहीण शांताताई, आणि तिची मांजर चिमी. सदर या छावणीच्या भागातल्या फौजी घरांतल्या बायका ताईकडून ब्लाउज शिवून घ्यायच्या. दुसरीच्या हातचा चालायचा नाही त्यांना.

चिमीची नखं ताईच कापायची. मांडीवर घेऊन पंजा हलकेच दाबायची, नख बाहेर आलं की फक्त पांढरं टोक उडवायची. आतल्या गुलाबी शिरेला तिचं नेलकटर कधी लागलं नाही. त्या संध्याकाळी ब्लॅकआउटमुळे दिव्याला काळा कागद लावलेला. उजव्या पंजाची नखं झाली आणि चिमी निसटली. मी समोरच बसलो होतो.

सकाळी ती माझ्या धुतलेल्या शर्टावर झोपलेली दिसली. मी तिला मानेला धरून भिरकावलं, तिनं डाव्या पंजानं माझा तळहात फाडला. चूक कुणाची? माझीच. पण कारखान्यात सुपरवायझरनं हात पाहिला. उघड्या जखमेनं दारूला हात लावायचा नाही, असा नियम. "घर जाओ भैया, हाथ भरने दो." रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बिल्ली से हार गया." सगळी रांग हसली.

घरी आलो. ताई ब्लाउज द्यायला सदरला गेली होती. मी चिमीला टॉवेलात गुंडाळलं, गुडघ्याखाली दाबलं, डावा पंजा ओढून बाहेर काढला. पहिलं नख खोल कापलं गेलं, रक्त आलं — ते चुकून, असं म्हणू या. आणि उरलेली चार? ती मी नीट पाहून कापली. गुलाबी कुठे सुरू होतं ते पाहून, त्याच्याही आत. ती किंचाळत होती आणि मला बरं वाटत होतं.

थकवा, युद्ध, बारा तास — ही कारणं मला देऊ नका. पाळी त्या रांगेतल्या सगळ्यांनाच होती.

आणि एवढ्यावर तरी थांबलो का?

ताई परतली तेव्हा चिमी पलंगाखाली पंजा चाटत होती. फरशीवर रक्ताचे ठिपके.

"काय झालं रे हिला? काहून लंगडून राहिली?"

"काल तू खोल कापलीस, ताई."

"मी तर उजवाच पंजा कापला होता."

"दोन्ही कापलेस. मी समोर होतो ना. तुला आठवत नाही का?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग स्वतःच्या बोटांकडे. माझ्या हाताला यंत्रात लागलं, हेही तिनं मुकाट्यानं मानलं. धाकटा भाऊ खोटं कशाला बोलेल?

चिमीचा पंजा पिकला, ती कायमची लंगडी झाली. ताईनं तिला पुन्हा मांडीवर घेतलं नाही. हळूहळू शिवणही सुटलं. माप घ्यायची, विसरले असेन म्हणून पुन्हा घ्यायची. कापडाला कात्री लावायला भ्यायची. शेवटी मशीन शेजारणीला देऊन टाकलं. "डोळे गेले की डोकं, समजत नाही रे," असं मला म्हणाली. मी जेवत होतो. जेवत राहिलो.

पुढे माझं लग्न झालं. सिहोऱ्याला ताईच्या दिराच्या घरी स्वयंपाकाला माणूस हवं होतं. "इथं मी काय कामाची?" म्हणत तिनं ट्रंक भरली. मीच तिला बसमध्ये बसवलं. बस सुटायला अर्धा तास होता. तेवढा वेळ मी खिडकीशी उभा राहून पावसापाण्याचं बोलत होतो. लाज कशी वाटली नाही मला?

आठ वर्षं तिनं तिथं रांधलं, भांडी घासली, आणि तिथंच गेली. तेवढ्या वर्षांत मी दोनदा भेटायला गेलो. दोन्ही वेळा तिनं केलेला चहा बाहेरच्या खोलीत बसून प्यालो आणि दुपारच्या बसनं परत आलो.