लिन आजींचा उजवा डोळा

हेमंतला हे ठाऊक नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, आमच्यात लपवण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही, पण हे एक उरलंय. आईला सांगायचं म्हणून एकदा फोन केला. ओठांपर्यंत आलंही होतं. तेवढ्यात तिनं विचारलं, थंडी कशी आहे गं तिकडे, आणि मी थंडीबद्दलच बोलत राहिले. तुम्हांलाच का सांगतेय मग? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आम्ही ॲन आर्बरला आलो ते दोन हजार तीनच्या हिवाळ्यात. हेमंतला गाड्यांच्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम, आणि मी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नोकरी करायची नाही. वर्षभर भिंती बघून झाल्यावर मी विद्यापीठात टेक्स्टाइल डिझाइनला प्रवेश घेतला. लिन आजी भेटल्या त्या लायब्ररीतल्या इंग्लिश बोलायच्या वर्गात; तिथे मी नवख्यांशी गप्पा मारायला जायचे. त्या चीनमधल्या सुझोऊच्या. इथे रिसर्च करणाऱ्या मुलाकडे, वेईकडे, राहायला आलेल्या. इंग्लिश शब्द येत असतील तीसेक. एकदा त्यांनी चष्म्याचं रेशमी घर बाहेर काढलं आणि मी न राहवून त्याची आतली बाजू उलटून पाहिली. आतही तीच नक्षी. माझं आजोळ येवल्याचं. पैठणीचा पदर असाच दोन्हीकडून सारखा असतो. आजींनी माझा हात धरला, तो वर्ग संपेपर्यंत सोडला नाही.

त्या विणकामाला केसी म्हणतात. उभा धागा अखंड. आडवा मात्र आपापल्या रंगापुरता जातो आणि तिथूनच परत फिरतो. त्यामुळे दोन रंगांच्या मध्ये बारीकशी फट राहते. कापड उजेडासमोर धरलं की चित्र सुरीनं कापून काढल्यासारखं दिसतं. आजींनी तीस वर्षं हेच काम केलं होतं — मोर, कमळं, जुन्या चित्रांच्या नकला. मला त्या फटींचं वेड लागलं. त्या लपवायच्या कशाला? लांब ठेवल्या, त्यांतून उजेड येऊ दिला, तर? आजच्या घरात उभं करता येईल असं तीन पाखांचं, घडी होणारं पार्टिशन करायचं मी ठरवलं: बर्फातली निष्पर्ण झाडं, फक्त करडे रंग. आजींना आधी हसू आलं. फट लांब म्हणजे विणकर आळशी, असं त्यांनी वेईकरवी सांगितलं. मग आठ दिवसांनी स्वतःच लहानशा चौकटीवर एक नमुना विणून आणला. इतका सुंदर की मी तो उशाशी ठेवून झोपले.

वेई आणि हेमंतनं मिळून वेईच्या घरी खिडकीशी माग उभा केला. दोन पाखं मी विणली. तिसऱ्यात करड्याच्या चौदा छटा एकमेकींत विरघळायच्या होत्या, ते माझ्या हातचं नव्हतं. ते आजींनी घेतलं. प्रदर्शनात शेजारी लावायच्या कार्डावर दोघींची नावं होती. त्यात काही खोटं नव्हतं. खोटं कुठे होतं, ते सांगतेच आहे... सांगतेय.

दोन हजार पाचचा एप्रिल. विद्यापीठातलं आमचं प्रदर्शन शुक्रवारी. शिकागोच्या एका डिझाइन स्टुडिओची बाई ते पाहायला येणार होती. तिला काम आवडलं तर मला नोकरी, माझा स्वतःचा व्हिसा. आणि आदल्या शनिवारी आजी म्हणाल्या, डोळ्यात वीज चमकते. काळे ठिपके तरंगतात. वेई आठवडाभर कॅलिफोर्नियाला जायच्या गडबडीत होता, म्हणून चष्म्याच्या दुकानातल्या डॉक्टरकडे मीच त्यांना घेऊन गेले. त्यानं तपासलं आणि मंगळवारची रेटिना स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट घेऊन दिली. वेई मला म्हणाला, तू आहेस म्हणून मी निर्धास्त जातो.

सोमवारी सकाळी मी पाहिलं — वीतभर विणायचं राहिलं होतं. मंगळवारी डोळ्यात थेंब घातले की तो दिवस गेला. आणि डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं तर?

मी क्लिनिकला फोन केला. पेशंटला ताप आहे म्हणाले. ताप नव्हता, त्या मागाशी बसून सूप पीत होत्या. फोनवरच्या बाईनं पुढच्या सोमवारची वेळ दिली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत बजावलं, की डोळ्यापुढे पडद्यासारखं काही आलं तर थांबू नका, त्याच दिवशी या. मी हो म्हणाले. लिहूनसुद्धा घेतलं.

त्या दिवशी जेवताना हेमंतनं विचारलं, "आजींची अपॉइंटमेंट उद्या आहे ना गं? मी ड्राइव्ह करू का?"

"क्लिनिकनंच कॅन्सल केली," मी म्हणाले. "पुढच्या सोमवारी दिलीय."

"हे लोक पण ना यार," एवढंच म्हणून त्यानं आमटी वाढून घेतली. वेईलाही मी फोनवर तेच सांगितलं.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, घाबरली होती, चूक झाली. पण बुधवार आहे ना पुढे.

बुधवारी दुपारी आजी विणता विणता थांबल्या. मला त्या 'शाओ-वै' म्हणायच्या — लहानगी वैशाली. तशी हाक मारली. मग उजवा हात कपाळापाशी नेला आणि सावकाश उजव्या डोळ्यावरून खाली आणला, खिडकीचा पडदा ओढावा तसा. "ब्लॅक," म्हणाल्या. आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

मला कळलं नाही, असं म्हणता येईल का? नाही. मला त्याच क्षणी कळलं. पर्समध्ये ते लिहिलेलं होतं. गाडी दारात होती.

मी म्हणाले, "मंडे, डॉक्टर. मंडे."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कांडी उचलली. मान जराशी वळवून, डाव्या डोळ्यानं, त्यांनी उरलेलं विणलं. मी शेजारी बसून छटांचे धागे क्रमानं त्यांच्या हातात देत होते. गुरुवारी दुपारी पाख पूर्ण झालं. त्या शेवटच्या वीतभरात एकही चूक नाही. मी नंतर भिंग घेऊन शोधली आहे.

शुक्रवारी शिकागोची बाई त्या तिसऱ्या पाखासमोर खूप वेळ उभी राहिली. प्राध्यापकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की एका वृद्ध कारागिराला असा मान देणारी विद्यार्थिनी त्यांनी पाहिली नाही. आजी निळं जाकीट घालून माझ्याजवळ उभ्या होत्या. लोक हात मिळवायला उजवीकडून आले की दचकत होत्या.

सोमवारी वेईही बरोबर आला. डॉक्टरनं विचारलं, पडदा कधीपासून दिसतोय? वेईनं आईला चिनीत विचारलं. आजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. काहीतरी बोलल्या. वेईनं सांगितलं, "काल संध्याकाळपासून."

मी तिथेच होते, दोन हातांवर. तोंड उघडलं नाही. त्या काल का म्हणाल्या? मुलगा रागावेल म्हणून? की मला वाचवायला? पुढे दोन वर्षं मी त्यांच्याबरोबर बसले, त्यांच्याकडून त्या चौदा छटा शिकले, पण हे कधी विचारलं नाही. उत्तर काहीही असलं, तरी ते ऐकायची माझी हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्याची नजर परत आली नाही. आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर अर्धंच बोलले, आणि वेई क्लिनिकच्या कारभारावर चिडला. तक्रार करणार होता. मी त्याला समजावलं — जाऊ दे, आता काय उपयोग. हेही मीच केलं.

शिकागोची नोकरी मिळाली. शनिवार-रविवारी मी ॲन आर्बरला यायचे, आजींजवळ बसायचे. ते प्रेमानं की भीतीनं, मला आजही सांगता येत नाही.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात आजी कायमच्या सुझोऊला परत गेल्या. डेट्रॉइटच्या विमानतळावर आम्ही सगळे गेलो होतो. सामान दिलं, बोर्डिंग पास आला. वेईनं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि हेमंतकडे बघून म्हणाला, की माझ्या आईसाठी हिनं जे केलं ते पोटच्या मुलीनंही केलं नसतं. आजींना कळावं म्हणून तेच त्यानं चिनीतही सांगितलं. त्यांनी मान पूर्ण वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, "नाही, तसं काही नाही."

सगळे हसले. त्यांना तो विनय वाटला. मी तो वाटू दिला.