मावशींचा गुडघा आणि शनिवारची मेल

कुंडीवाल्या मावशींना बोलायला विषय लागत नाही, माणूसही लागत नाही. रोपवाटिकेत कलम बांधताना त्या फांदीशीसुद्धा बोलतात. कोणती रोपं तयार आहेत ते कळवणारी मेल दर शनिवारी गिऱ्हाइकांना जायची, तीही तशीच. गुलाबाबद्दल दोन ओळी, की लगेच डावा गुडघा कसा कुरकुरतोय, मांजर नेमकी मोगऱ्याच्या वाफ्यात कशी व्याली. एका बोटाने टाइप करण्यात अख्खी सकाळ जायची आणि इकडे कलमं खोळंबायची.

त्या गिऱ्हाइकांत एकाने आयुष्यात कधी झाड लावलं नव्हतं. तो मावशींचा थोरला भाऊ, दादा. वडिलांच्या आजारपणात मावशी एकदा चिडून म्हणाल्या होत्या, "तू काय, पाहुण्यासारखा येतोस नि जातोस." त्याने ते मनाला लावून घेतलं आणि बोलणंच टाकलं. मावशींनीही फोन केला नाही. एकाच हट्टी बापाची लेकरं, माघार घेणार कोण? मग बऱ्याच वर्षांनी कधीतरी मेलच्या यादीत त्याचा पत्ता आला. तो दर शनिवारी मेल उघडतो, एवढं सुनेच्या कॉम्प्युटरवर दिसायचं. मावशी त्यावरच आठवडा काढायच्या.

सून हुशार, आणि सासूवर तिचा भारी जीव. तिने मेल आपोआप जाईल अशी सोय करून दिली. रोपांची नावं, फोटो, किमती, सगळं आपलं आपण.

"आई, तुमच्या गप्पा मात्र त्यात बसत नाहीत हं."

"जाऊ दे गं. रोपं विकायचीत, गुडघा नाही."

वेळ खरंच मोकळा झाला. रखडलेली कलमं भराभर हातावेगळी झाली. मावशी खूश होत्या, खोटं कशाला बोला.

महिनाभराने सून कलमांच्या बाकापाशी येऊन घुटमळली. "आई, मामा मेल उघडत नाहीयेत. नवी सोय केल्यावर पहिली तेवढी उघडली, मग एकही नाही."

मावशींनी कलम बांधायची पट्टी खाली ठेवली. आजारी असेल का? एकटा राहतो, कळवणार तरी कोण? मानापमान गेला चुलीत, म्हणत त्यांनी मातीच्या हातांनीच फोन लावला.

"दादा, मी बोलतेय. बरा आहेस ना? मेल उघडत नाहीस."



"काय उघडायचं त्यात?" तोच जुना तिरसट आवाज. "जास्वंद आली, सदाफुली आली. मला काय करायचीय सदाफुली? पहिलीच मेल बघितली नि म्हटलं, ही काही लिहीत नाही, म्हणजे हिचंच काहीतरी बिनसलंय. रोज फोन हातात घेतो नि ठेवून देतो." मग आवाज खाली आला. "गुडघा कसा आहे?"

गुडघ्याचं सोडून मावशींनी भलतंच काढलं.

"दादा, मी तेव्हा जे बोलले ना..."

"ते राहू दे. गुडघ्याचं सांग."

मावशींनी सांगितलं. गुडघ्यावरून मांजरीवर आल्या, मांजरीवरून पिल्लांवर. सून त्यांच्यासाठी खुर्ची घेऊन आली आणि हळूच निघून गेली.

मेल अजून आपोआपच जाते. शनिवारची सकाळ मावशींना अगदी मोकळी असते, आणि ती सगळी फोनवर दादाला जाते. कलमं पुन्हा खोळंबलीत.