चेहऱ्याचा भाव कुणी सांगेना

बदनापुरात लग्न ठरलं की मुलीची आई आधी कार्यालय बघते आणि मग बेबीनंदा खरातच्या पार्लरात येते, असा कित्येक वर्षांचा रिवाज होता. बेबीनंदाच्या हाताला गुण होता. कसलीही दमलेली, रडून डोळे सुजलेली पोरगी तिच्या खुर्चीत बसली की तासाभरात खुलून उठायची. तिचा स्वतःचा चेहराही मोठा तेजदार, भरलेला. तोच दुकानाची पाटी होता म्हणा ना.

चोपन्नाव्या वर्षी तिला साखरेचा आजार निघाला. अंग झपाट्याने उतरलं आणि चेहऱ्याची कातडी तेवढी मागे राहिली. गाल जबड्यावर आले, हनुवटीखाली दोन घड्या पडल्या. तिने मसाज केला, नाना लेप लावले, महागडी क्रीमं मागवली. उपयोग होणार नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी केलं.

मग एक दिवस द्वारकाबाई आल्या. थोरल्या मुलीला बेबीनंदानेच सजवलं होतं, आता धाकटीचं ठरलं होतं. बाई बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, तब्येत लईच उतरली की तुमची. झेपंल का लग्नाचं काम?"

"न झेपायला काय झालं? हात बराबर हायेत माझे."

"तसं न्हाई हो..." म्हणत द्वारकाबाई उठल्या, त्या परत आल्या नाहीत. धाकटीचा मेकप स्टेशनकडच्या नव्या पार्लरात झाला.

त्याच आठवड्यात बेबीनंदाला मोबाईलवर संभाजीनगरच्या एका दवाखान्याची जाहिरात दिसली. चेहरा उचलून द्यायचा, पंचाण्णव हजारांपासून पुढे. तिने लगेच फोन लावला.

"एकूण खर्चा किती येतो?"

"मॅम, ते केसवर डिपेंड असतं," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"अंदाजे सांगा ना."

"तुम्ही एकदा कन्सल्टेशनला या ना, मॅम."

दुसऱ्या दवाखान्यात विचारलं, तिथेही तेच. तिसऱ्याने फोटो मागवले आणि उत्तरादाखल गुलाबाच्या फुलाचं चित्र पाठवलं. बेबीनंदाने मोबाईल गादीवर आदळला. "साडी घ्यायला गेलं तर दुकानदार पाचशेची दाखवू का पाच हजाराची, एवढं तरी इचारतो! ह्यांना आकडा सांगायला काय होऊन राह्यलं?"

तिचा नवरा भारत हा गावातल्या कृषी संशोधन केंद्रातून नुकताच निवृत्त झाला होता. शांत माणूस, पण नको तेव्हा खरं बोलायची खोड. तो म्हणाला, "तूबी तर नवरीच्या आईला असंच सांगतीस. केस बघू, मंग भाव सांगू."

त्या संध्याकाळी त्याला स्वतःच्या हाताने ताट वाढून घ्यावं लागलं.

शेवटी दोघं संभाजीनगरच्या त्या पहिल्याच दवाखान्यात गेले. काउंटरवर तपासणीची फी आधी भरून घेतली. डॉक्टरीणबाई मात्र सरळ बोलणाऱ्या निघाल्या. त्यांनी बेबीनंदाचे गाल बोटांनी वर सारून पाहिले.

"जाहिरातीतला भाव दोऱ्यांचा आहे. कातडीखाली दोरे घालून ओढायचं, वर्ष-दीड वर्ष टिकतं. तुमची कातडी फार सैल आहे, दोऱ्यांनी भागायचं नाही. ऑपरेशनच करावं लागेल."

"त्याचे किती?"

माझी फी आणि थिएटर धरून दोन लाख चाळीस, असं बाईंनी सांगितलं. भूल देणारे डॉक्टर वेगळे, रक्ताच्या तपासण्या वेगळ्या, एका रात्रीची खोली, औषधं, चेहऱ्याला बांधायचा पट्टा, वर अठरा टक्के जीएसटी. बेबीनंदाने मनातल्या मनात बेरीज केली, ती साडेतीन लाखांच्या घरात गेली. आरोग्य विमा? हौसेच्या ऑपरेशनला तो लागू होत नाही.

"हौस?" ती म्हणाली. "धंदा बुडत चाललाय माझा ह्याच्यापायी. आन् मंग जाहिरातीत तसं का लिहिलं?"

"जाहिरात मी लिहीत नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी साखरेचा रिपोर्ट मागितला. तो बघून मान हलवली. "तीन महिन्यांची सरासरी नऊच्या वर आहे. एवढ्या साखरेत मी ऑपरेशन करणार नाही. जखम भरायची नाही, कातडी काळी पडेल. आधी सातच्या खाली आणा. आणि ऑपरेशननंतर महिनाभर पार्लर बंद. वाफ नाही, ऊन नाही."

"त्याच्यानंतर कायमचं राहतं ना?"

"आठ-दहा वर्षं. वय काही थांबत नाही."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. भारतने शेंगा घेतल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

पण बेबीनंदा जिद्दीची. भात सोडला, गोड सोडलं, रोज पहाटे संशोधन केंद्राच्या रस्त्याने तरातरा चालू लागली. भारत मागे धापा टाकत यायचा. पाच-सहा महिन्यांत साखर सातच्या खाली आली. गावातल्या साखरेच्या डॉक्टरने शाबासकी दिली. घरी येऊन तिने आरशात पाहिलं. वजन आणखी सहा किलोंनी घटलं होतं आणि गाल आणखी खाली आले होते. पार्लरात तिन्ही बाजूंना आरसे. नजर तरी कुठे न्यावी?

तिने दवाखान्यात फोन लावला, नवे फोटो पाठवले. गोड आवाज म्हणाला, "मॅम, रेट रिवाइज झालेत. आणि आता नेकचं, म्हणजे मानेचं वेगळं लागेल. पंचेचाळीस हजार एक्स्ट्रा."

"म्हंजे तुमचं ऐकून साखर कमी केली, म्हणून खर्चा वाढला?"

"मॅम, ते केसवर..."

तिने फोन कापला.

भारत दारात उभा राहून ऐकत होता. तो आत आला, तिच्याजवळ बसला. "एफडी मोडू का? बिलकुल मोडतो. तुझं मन न्हाई मारायचं मला."

"राहू द्या. एफडीला हात लावू नका."

"अगं, मला तर तू हाय तशी बरी दिसतीस."

"चष्मा न्हाई डोळ्यावर तुमच्या!" ती खेकसली. मग आवाज खाली आला. "ऐन सीझनला महिनाभर शटर पाडलं तर राह्यलेल्या बायाबी त्या नव्या पार्लरात जातील. एकदा गेल्या की येत न्हाईत, पाह्यलं ना आपण? मंग सरळ झालेलं तोंड घेऊन कुणाची वाट बघत बसू मी?"

भारतने खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर लावला.

"पैशाचं एक वेळ सोडा. पण पह्यल्याच दिवशी एकानं जरी फोनवर समदं खरं सांगितलं असतं, तर पाच-सहा महिने आशेवर तरी राह्यले नस्ते मी."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने रागाने पदराला पुसलं. दहा वाजता तळणी गावची एक मुलगी हळद-समारंभाच्या मेकपसाठी येणार होती. बेबीनंदा उठली, किल्ल्या घेतल्या आणि भारतने हाक मारली तरी मागे न बघता दुकानाकडे निघाली.