आपाचा फ्रॉक

मैत्रिणींनो, आज माझा लई जळफळाट झालाय. तोही एका विटक्या फ्रॉकवरून!

दुपारी माझी सई शेजारी शबानाभाभींकडं खेळायला गेली आणि पाण्यात चिंब भिजली. भाभींनी त्यांच्या धाकट्या झोयाचा फ्रॉक तिला घालून पाठवलं. तो आधी थोरल्या आफरीनचा होता. आफरीन वाढली तसं खालचं दुमडलेलं कापड सोडलं, झोयासाठी परत दुमडलं. जुन्या टिपांच्या रेघा अजून दिसतात.

घरी आल्यावर सई तो काढायलाच तयार नाही. मी कपाट उघडलं. मामानं आणलेला घागरा, आत्याची जीन्स, मी सेलमधून घेतलेले लेबलसकट पडलेले ड्रेस.

"यातलं काहीही घाल."

"नको. हा आपाचा आहे."

"आपा झोयाची ताई आहे, तुझी नाय!" पटकन बोलून गेले. लेकरू एकुलतं एक, त्याला हे बोलायचं का?

मग भाभींना फोन लावला, फ्रॉक धुऊन पाठवते म्हटलं. त्या हसल्या, "अगे रहने दो ना! झोयाकू छोटा हो गया. अब सई का नंबर."

सईनं ते ऐकलं. काय ऐट आली बाईला! माझ्या एकाही ड्रेसनं एवढी आली नव्हती.

तुम्हीच सांगा, पोरांना कपडे लागतात तरी किती? आत्ता ती त्या रेघांवर बोट फिरवत विचारतेय, "मम्मी, ही आपाची, ही झोयाची. माझी रेघ कुठं टाकशील?"

आणि माझ्या घरात कपाटभर कपडे आहेत, सुई-दोरा नाही.